पुसायचं टेबल

“अरे, ते धूड काढ बाबा आता घरातून!” सासूबाईंनी यांना सांगितलं आणि मी बघतच राहिले.

धूड म्हणजे आमच्या हॉलमधलं सागवानी टेबल. आजेसासऱ्यांनी १९६२ साली सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. तिरके, निमुळते पाय, उजवीकडे तीन खण, नक्षीकाम अजिबात नाही. तेव्हा हीच ‘मॉडर्न’ फॅशन होती म्हणे. आता लेकाच्या कॉम्प्युटरसाठी प्लायवूडचं सुटसुटीत टेबल यायचं होतं. भंगारवाला दीड हजार द्यायला तयार होता. मीही ‘हो’ म्हणून टाकलं.

टेबल जायच्या आधी नणंदेकडे चंडीगडला जाणं झालं. तिनं सेक्टर ५ मधलं पिएर जानरे यांचं घर दाखवलं. ते आता संग्रहालय आहे. ल कॉर्बुझिए यांचे हे चुलतभाऊ १९५१ मध्ये चंडीगड उभारायला आले आणि १९६५ पर्यंत तिथे रमले. नव्या राजधानीतल्या कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ, सगळीकडेच टेबलं-खुर्च्या हव्या होत्या. साग आणि शिसमाच्या या वस्तू आपल्याच सुतारांनी घडवल्या. पाय तेच, आमच्या टेबलासारखे तिरके! फर्निचरच्या या कामात यूली चौधरी या महिला आर्किटेक्टही होत्या, हे कळल्यावर तर मला केवढं बरं वाटलं.

पण पुढची गोष्ट ऐकून जीव हळहळला. जुनं झालं म्हणून हेच सामान गच्चीवर, आवारात ढीग घालून टाकलं, भंगाराच्या भावात लिलावात काढलं. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचललं, दुरुस्त केलं आणि युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकलं! मग आपल्याला जाग आली. मोजदाद झाली, ती १२ हजार ७९३ वस्तूंची. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांची विक्री थांबवली.

आमचं टेबल काही लाखाचं नाही, ठाऊक आहे मला. तरी घरी आल्या आल्या भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. सासूबाई चिडल्या.

“आई, तुमच्याच घरातली आठवण ना ती?” मी विचारलं.

“माझी कसली? आधी मामंजींचं, मग ह्यांचं. मी पन्नास वर्षं नुसतं पुसलं. हिशेब लिहायचे तर ओट्यापाशी पाटावर बसून. त्या खुर्चीवर बस, असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही बसले नाही.”

मला काही बोलताच येईना. कारण मी तरी काय वेगळं करत होते? वस्तीतल्या बायकांचे निराधार योजनेचे अर्ज मी जेवणाच्या टेबलावर भरते. ताटं मांडायची वेळ झाली की सगळे कागद गोळा करून कपाटावर! हक्काचं टेबल घरात असताना ते मागावं, हे मलाही सुचलं नव्हतं.

ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी खण बाहेर काढून पाहिले. “ताई, वाळवी शिवलेली नाही. असं लाकूड आता शोधून आणावं लागेल.” दोन खणांच्या पट्ट्या बदलल्या, एका पायाचा सांधा पक्का केला, घासून पॉलिश केलं. चार हजार खर्च आला. लेकाचं प्लायवूडचं टेबल आलंच. हे मात्र आतल्या खोलीत खिडकीशी लावलं.

आता वरचा खण माझ्या अर्जांचा, मधला सासूबाईंचा. त्यात त्यांची हिशेबाची वही, चष्मा आणि भिशीची डायरी. खालचा अजून रिकामा आहे. परवा दुपारी मी खोलीत डोकावले, तर त्या खुर्चीवर बसून महिन्याचा हिशेब लिहीत होत्या. मला पाहून उठायला लागल्या.

म्हटलं, “बसा हो आई, मला घाई नाही.”

मैत्रिणींनो, घरातलं जुनं टेबल मोडीत काढण्याआधी एकदा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसून बघा. कोण जाणे, इतकी वर्षं ते तुम्ही नुसतंच पुसत असाल!