जीवाश्म की मोहोळ?

शहापूर-मुरबाडचा काळा कातळ लाव्हारसाचा. त्यात समुद्री जीवाश्म मिळत नाहीत. पण कड्यांना लोंबणारी आग्या मोहोळे आपण पाहतोच. अशाच एका मोहोळाने शास्त्रज्ञांनाही चकवले.

डिकिन्सोनिया हा सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रजीव. चपटा, लंबगोल, अंगावर बरगड्यांसारखे वळ. हा प्राणी, बुरशी की दगडफूल, यावर दीर्घकाळ वाद होता. २०१८ मध्ये रशियातील जीवाश्मांत कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाले आणि पारडे प्राण्याकडे झुकले. आजच्या कोणत्या प्राण्यांशी त्याचे नाते, हे मात्र अजून ठरलेले नाही.

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनियाचा ठसा असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून तेथील खडकाचे वयही ५५ कोटी वर्षे धरले गेले. पुढे दुसऱ्या गटाने पाहिले, तर ठसा खडकावरून सुटू लागलेला! जवळच आग्या मोहोळांच्या खुणा. तो कुजलेल्या मोहोळाचा डाग होता, हे २०२३ मध्ये मांडले गेले. वयाचा तो आधार गेला. मूळ संशोधकांनी चूक मोकळेपणाने मान्य केली.

विद्यार्थी एखादा 'जीवाश्म' घेऊन आले, तर आपण आधी विचारू या: हा ठसा दगडातला, की दगडावरचा?