चाड देशाचे तेल

आफ्रिकेच्या मध्यभागी चाड नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. उत्तरेस सहारा वाळवंट, दक्षिणेस कापूस पिकविणारा मुलूख. दक्षिणेकडील डोबा भागात खनिज तेल आहे हे ठाऊक होऊन बराच काळ लोटला होता. परंतु ते बाहेर न्यावे कसे? अखेर कॅमेरूनमधील क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १,०७० किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली आणि २००३ साली तेल वाहू लागले.

या योजनेत जागतिक बँकेचा पैसा थोडाच होता. पण तिचा आधार असल्यावाचून तेल कंपन्या धजत नव्हत्या. बँकेच्या आग्रहावरून १९९९ साली चाडमध्ये एक आगळा कायदा अमलात आला. स्वामित्वधन व लाभांश यांचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी राखून ठेवावयाचा. उरलेल्यातील शेकडा ८० शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी व शेती यांवर, शेकडा ५ डोबा भागासाठी, आणि केवळ शेकडा १५ सरकारच्या इतर खर्चास. पैसा आधी लंडनमधील खात्यात जमा व्हावयाचा. कागदावर याहून चोख बंदोबस्त तो कोणता!

फट मात्र राहिली होती. करारापोटी कंपन्यांनी दिलेली आगाऊ रक्कम या नियमात बसत नव्हती. तिच्यातील काही भागाची शस्त्रे घेतली गेली, हे २००० साली उघडकीस आले.

पुढे शेजारच्या दारफुरचा वणवा सीमेअलीकडे आला. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी स्वतः १९९० मध्ये शस्त्रबळावर सत्तेवर आलेले. बंडखोर राजधानीवर चालून येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. डिसेंबर २००५ मध्ये कायदेमंडळाने कायदा बदलला. भावी पिढ्यांचा निधी रद्द झाला आणि अग्रक्रमाच्या खर्चात सुरक्षेचा समावेश झाला. शाळेच्या पंक्तीत बंदूक येऊन बसली. जानेवारी २००६ मध्ये बँकेने कर्जे रोखली व लंडनचे खाते गोठविले. देबींनी उलट तेलच बंद करण्याची धमकी दिली. एप्रिलमध्ये बंडखोर एन्जामेना शहरात थडकले. जुलैत तडजोड झाली. तेलाचे भाव चढते असल्याने पारडे कोणाचे जड होते, हे उघडच आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये बंडखोर पुन्हा राजधानीत शिरले. धोका खोटा नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात चाडने बँकेचे कर्ज मुदतीपूर्वी फेडले व बँक बाहेर पडली.

देबी २०२१ साली आघाडीवर झालेल्या जखमांनी निवर्तले. सत्ता त्यांच्या पुत्राकडे गेली. डोब्याचे तेल अजूनही क्रिबीकडे वाहते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी विकासाच्या यादीत चाडचे नाव तळाच्या काही देशांत शोधावे लागते.