एका चेंडूमागे चार ट्रक धान

गोंदिया ते नागपूर, रेल्वेने साधारण 130 किलोमीटर. या रुळावर गाडीऐवजी एक चेंडू सोडून बघू. 24 सप्टेंबर 2010 ला अमेरिकेत सॅन दिएगोच्या मैदानात पिचर (बेसबॉलमधला चेंडू फेकणारा) आरोल्डिस चॅपमनने बेसबॉल फेकला तो ताशी 170 किलोमीटरने! हाच वेग टिकला, तर गोंदियाहून सुटलेला चेंडू शेहेचाळिसाव्या मिनिटाला नागपुरात. आपली कुठलीही वंदे भारत रोजच्या धावेत 160 च्या पुढे जात नाही. शोएब अख्तरचा 2003 चा गाजलेला विक्रमही 161.3 चा.

वेग एवढा, आणि अंतर? पिचर ते फलंदाज अवघे 18.44 मीटर, क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही कमी. पापणी लवते न लवते तोच, 0.4 सेकंदात, चेंडू दारात! त्यातले 0.15 सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरलेल्या पाव सेकंदात ओळखायचं, हा आहे कोणता?

फलंदाजाचं तो बघून घेईल. आपल्याला पिचरच्या पाठीमागचा कॅमेरा आहे, रिप्ले आहे आणि अमेरिकेतला रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे लागत असल्याने हातात चहाही आहे.

फास्टबॉल, ताशी 150. उलटी फिरकी, मिनिटाला सुमारे 2,300 गिरक्या. घरातला पंखा पाचावर ठेवला तरी चारशेच्या आत फिरतो! या फिरकीमुळे चेंडू पडायचा तेवढा पडत नाही. 0.4 सेकंदात कुठलीही वस्तू पाऊण मीटरहून जास्त खाली येते. हा त्यातलं निम्मं अंतर वाचवतो. कर्व्हबॉलचं नेमकं उलट. वेग 125-130, गिरक्या 2,500, पण पुढच्या दिशेने, म्हणून फलंदाजासमोर येऊन तो डुबकी मारतो. स्लायडर या दोघांच्या मधला, बाजूला सरकणारा. लेगकटर ओळखणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही.

चेंजअप मात्र लबाड. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, वेग फक्त 13 किलोमीटरने कमी. फक्त? तेवढ्यानेच चेंडू दीड मीटर मागे राहतो, आणि बॅट हवेला झोडपून मोकळी होते!

आणि नकलबॉल! फास्टबॉल वाटेत पंधरा गिरक्या घेतो, हा एक किंवा दोन. बोटांच्या टोकांवर धरून सोडलेला, भरकटत येणारा. 2012 मध्ये पिचर आर. ए. डिकीने याच चेंडूवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. पण त्याच्या आधीच, 20 मार्च 2011 ला, क्रिकेट विश्वचषकात चेन्नईत आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने हीच पकड वापरून 81 धावांवर खेळणाऱ्या वेस्ट इंडीजच्या डेव्हन स्मिथचा त्रिफळा उडवला होता. त्या विश्वचषकात झहीरचे 21 बळी. बेसबॉल आपल्याला परका, हे म्हणणं मला तरी पटत नाही.

आता सगळ्याची बेरीज करू, जरा सावरून बसा. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ, प्रत्येकाचे 162 सामने, म्हणजे मोसमात 2,430 लढती. एका लढतीत तीनशेच्या आसपास फेकी. एकूण सात लाख! एकापुढे एक जोडल्या तर जवळपास 13,000 किलोमीटर, म्हणजे गोंदिया-नागपूर जाऊन-येऊन पन्नास फेऱ्या. मुंबई-पुणे रेल्वेमार्गाने मोजलं, तर सदुसष्ट वेळा. प्रत्येक फेकीला नवा चेंडू दिला, तर वीस फूट रुंद आणि पंचवीस फूट खोल विहीर काठोकाठ भरेल.

आणि पैसा? न्यू यॉर्क यांकीज संघाने पिचर गेरिट कोलशी करार केला नऊ वर्षांचा, 32 कोटी 40 लाख डॉलरचा. वर्षाला 3 कोटी 60 लाख डॉलर. 2023 च्या पूर्ण मोसमात त्याने तीन हजारांहून थोडे अधिक चेंडू टाकले. डॉलरच्या त्या वर्षीच्या दराने हिशेब करा: एका चेंडूला साधारण नऊ लाख रुपये! त्याच हंगामात धानाचा हमीभाव होता क्विंटलला 2,183 रुपये. म्हणजे कोलचा एक चेंडू चारशे क्विंटलांहून जास्त धानाचा, दहा-दहा टनांचे चार ट्रक! आमगाव-तिरोड्याकडच्या शेतकऱ्याने हा भागाकार स्वतः करून बघावा, माझ्यावर विश्वास ठेवू नये.

पुढचा सामना लावाल तेव्हा पडद्यावरचा वेगाचा आकडा हाताने झाका. आधी चेंडूचं नाव सांगा, मग हात काढा.