‘प्रबंध’ या शब्दाविषयी

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी अनेक पिढ्यांना शब्द पारखून घेण्याची सवय लावली. म्हणून आज एकाच शब्दाचा विचार मांडतो.

काही वर्षांपूर्वी बीदरमधील एका शाळेत मी परीक्षक म्हणून गेलो होतो. फलकावर कानडीत ‘प्रबंध स्पर्धा’ असे लिहिले होते. मराठी वर्गातील एक मुलगी भीतभीत म्हणाली, “सर, प्रबंध तर पीएच.डी.ला लिहितात ना?”

तिची शंका रास्त होती. मराठीत शाळकरी लेखन तो निबंध आणि पदवीसाठी सिद्ध केलेला संशोधनग्रंथ तो प्रबंध. कानडीत शाळेतला निबंधही प्रबंधच, पीएच.डी.चा तो ‘महाप्रबंध’. हिंदीत प्रबंध म्हणजे प्रामुख्याने व्यवस्था. म्हणून तेथे ‘शोधप्रबंध’ असे स्पष्ट करावे लागते. बीदर-कलबुर्गीकडील मुलांच्या कानांवर हे तिन्ही अर्थ पडतात.

या साऱ्यांच्या मुळाशी ‘बंध्’ हा धातू आहे. प्रबंध म्हणजे नीट बांधलेले. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील गीतविचारात प्रबंध म्हणजे नियमबद्ध गीतरचना. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंदही तेथे आढळते. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ओवीची गणना प्रबंधांतच केली.

म्हणजे कांडणाऱ्या बाईची ओवी हाही प्रबंध! माझ्या प्रबंधाच्या पृष्ठसंख्येचा मला एके काळी मोठा अभिमान होता. हे वाचले आणि तो उतरला. मुसळाच्या तालाशी ओवी बांधलेली असते, तसे विद्वत्तापूर्ण लेखनातील विधान पुराव्याशी बांधलेले असावे लागते. दुसऱ्याचे मत त्याच्या नावानिशी यावे, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावू नये. एखादे प्रकरण काढून टाकल्यावर काहीच ढिले पडत नसेल, तर ते बांधलेलेच नव्हते असे समजावे. आज पदव्या वाढल्या, ग्रंथ जाड झाले; ही कसोटी मात्र आपण क्वचितच लावतो.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, “बाळ, दोनच पाने लिही, पण एका वाक्याची गाठ दुसऱ्याला बसू दे.” तिने आपल्या गावच्या विहिरीवर लिहिले. दोन पानेच होती. पण तो प्रबंध होता.