ब्रेक ओरडतो तेव्हा दोष कुणाचा?

कराडजवळची धावपट्टी १९५५ साली कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. लांबी १,२८० मीटर. मोठे जेट इथे उतरणार नाही, पण वैमानिक-प्रशिक्षणाच्या लहान विमानांना ती पुरते, आणि विमानाच्या पायाशी असलेले एक दुर्लक्षित यंत्र समजून घ्यायला तर पुरून उरते. हे यंत्र म्हणजे चाकाचा ब्रेक. पंख, इंजिन, कॉकपिट यांच्याबद्दल लोक हौसेने वाचतात. ब्रेककडे लक्ष जाते ते तो चीत्कारला, थरथरला किंवा लागला नाही तेव्हाच. यांपैकी तिसऱ्या दोषावर विमानविद्येने जितका जोर लावला, तितका पहिल्या दोहोंवर लावलेला नाही. आणि जिथे लावला, तिथे बराच काळ ‘रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला’ असा प्रकार झाला. ओरडतो लायनर, म्हणजे चकतीला घासणारा थर, म्हणून लायनर बदला. खरे तर लायनर हे फक्त ओरडण्याचे ठिकाण असते. थरथर निर्माण होते ती टायरपासून वैमानिकाच्या पायापर्यंतच्या सगळ्या साखळीतून, आणि तिचा बंदोबस्तही त्या साखळीतच करावा लागतो.

आधी या ब्रेकवर पडणाऱ्या कामाचा अंदाज घेऊ. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरणारी एसटी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. बस चौदा टनांची धरली, तर उताराने तिला दिलेली सुमारे ७५ मेगाज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरवावी लागते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर ये-जा करणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या विमानाचे वजन उतरताना २२ टन आणि वेग १०५ नॉट धरला, तर त्याची गतिज ऊर्जा भरते सुमारे ३२ मेगाज्यूल. म्हणजे बसच्या निम्म्याहून कमी. पण बसला त्यासाठी पंचवीसेक मिनिटे मिळतात आणि चालक गिअर खाली टाकून इंजिनालाही कामाला लावतो. विमानाला मिळतात पंचवीसेक सेकंद. हवेचा विरोध आणि उलट फिरवलेला पंख्यांचा जोर आपला वाटा उचलतात हे खरे, तरीही दर सेकंदाचा एकूण भार बसच्या पंचवीसपट होतो. एवढ्या शक्तीतला हजारावा हिस्सा जरी उष्णतेत न जाता कंपनात गेला, तरी बोल्ट सैल करायला आणि नळ्यांना तडे पाडायला तो पुरेसा आहे.

हा हिस्सा कंपनात जातो तरी कसा? बऱ्याच घर्षण-द्रव्यांची पकड सरकण्याचा वेग कमी होताना वाढते. पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, मागचे भाग ताणले जातात, ताण असह्य झाला की सुटतो, आणि पुन्हा चिकटतो. या थरथरीला बाहेरून कुणी धक्का देत नाही. फिरत्या चाकाची ऊर्जाच तिला खाऊ घालते, त्यामुळे ती आपोआप विरत नाही, वाढत जाते. शिवाय पकड सर्व वेगांना सारखी ठेवणारे द्रव्य सापडले तरी सुटका नसते. चकतीच्या डोलण्याची वारंवारता आणि तिला धरणाऱ्या भागाच्या डोलण्याची वारंवारता जवळजवळ आल्या, की घर्षण त्या दोघांची गाठ घालून देते आणि ते एकमेकांना चढवू लागतात. अशा वेळी लायनर कितीही चांगला असो, ब्रेक ओरडणारच. दोष द्रव्याचा नसतो, जुळणीचा असतो.

लहान विमानाचा ब्रेक जवळून पाहिला की हे पटते. जगभर प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ च्या मागच्या प्रत्येक चाकाला एकच पोलादी चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटने बसवलेले लायनर, आणि त्यांना दाबणारा कॅलिपर. हा कॅलिपर पक्का बांधलेला नसतो. दोन पिनांवर तो आतबाहेर सरकतो. पिस्टन एका बाजूने दाबतो, कॅलिपर सरकतो आणि दुसरा लायनरही चकतीला भिडतो. सगळी मदार त्या सरकण्यावर. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या पिना गंजल्या की कॅलिपर तिरका अडकतो, लायनर एका कडेला जास्त झिजतो आणि टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, चीं-चीं सुरू होते. इथे नवा लायनर घातला तर तो आठ-पंधरा दिवस गप्प बसेल, मग तोही तिरका झिजेल. पिना साफ करून त्यांवर कोरडे वंगण लावणे हा खरा उपाय. कोरडेच, कारण ओल्या ग्रीसला ब्रेकची धूळ चिकटते आणि त्याची खरवड होते. दुसरे कारण अधिक मजेशीर आहे. नवशिक्या वैमानिक घाबरत, पायाच्या टोकाने हलका ब्रेक लावत धावपट्टीपर्यंत जातो. सेंद्रिय लायनर या लाडात कधी पुरेसा तापत नाही, तापून त्याच्या पृष्ठभागावर यायला हवा तो चकचकीत थर टिकत नाही आणि ब्रेक ओरडू शकतो. म्हणून नवा लायनर बसवल्यावर ठरावीक वेगावरून काही वेळा ब्रेक लावून तो मुद्दाम तापवण्याची पद्धत आहे. म्हणजे आवाजाच्या कारणांत वैमानिकाचा पायही मोजायचा.

मोठ्या विमानात एका चकतीऐवजी चकत्यांची चवड असते: एक चाकाबरोबर फिरणारी, एक स्थिर, पुन्हा एक फिरणारी. इथे थरथरीचे प्रकारही वेगळे. अख्खा लँडिंग गिअरचा खांब पुढेमागे झुलतो, तो सेकंदाला पाच ते वीसेक वेळा. प्रवाशाला तो कानाने नव्हे, पाठीने कळतो. स्थिर चकत्या आणि त्यांना धरणारी नळी आसाभोवती पिळवटून थरथरतात, ते सेकंदाला शेकडो वेळा. तिसऱ्या प्रकारात सगळी चवड कलून आसाभोवती भिरभिरते. ब्रेकची मुख्य चाचणी होते डायनामोमीटरवर: प्रचंड वजनाचे चक्र वेगाने फिरवायचे, विमानाचे चाक त्यावर दाबायचे आणि ब्रेक लावायचा. थांबवण्याची ताकद आणि उष्णता तपासायला याहून चांगले साधन नाही. पण त्यात चाक ज्या सांगाड्याला बांधतात तो दणकट असतो, तर विमानातला खांब लवचीक. त्यामुळे चाचणीघरात शहाण्यासारखा वागणारा ब्रेक विमानाला लावताच थरथरू शकतो, आणि तसे घडलेलेही आहे. एकटा भाग तपासून शांततेची हमी मिळत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ब्रेकचे काम थांबवणे, गप्प बसणे नव्हे; प्रमाणपत्राच्या कसोट्या पूर्ण झिजलेल्या ब्रेकनेही ऐन वेगात उड्डाण रद्द करून दाखवायला लावतात, मग किरकोळ आवाजाची चिंता कशाला? चिंता एवढ्यासाठी, की ऐकू येणारा आवाज हा त्याच थरथरीचा छोटासा अंश आहे जी ब्रेकच्या नळ्या, सेन्सर आणि बोल्ट यांना दर फेरीत थकवते. ज्या नळीतून दाब यायचा तीच तडकली तर थांबवण्याची ताकद कागदावर राहते. दुसरा आक्षेप मोटारवाल्यांचा: आमच्यासारखी पॅडमागे रबराचा थर असलेली पट्टी घाला. विमानाच्या चवडीत तापमान शेकडो अंशांवर जाते, आणीबाणीत हजारावर. तिथे रबर टिकणार नाही. तिसरा उपाय सुचवला जातो कार्बनच्या चकत्यांचा. त्या हलक्या असतात आणि भयंकर उष्णता सोसतात; तेजस विमानासाठी आपल्या डीआरडीओनेही त्या घडवल्या. पण कार्बन हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे सकाळच्या पहिल्या ब्रेकला त्याची पकड वेगळी आणि तापल्यावर वेगळी. शिवाय त्याची झीज किती जोरात ब्रेक लावला यापेक्षा किती वेळा लावला यावर ठरते. स्वभाव बदलला, खोड गेली नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप अभियंत्यांचाच आहे, आणि तो नुसता झटकून टाकता येत नाही. ब्रेकच्या तेलाच्या वाटेत बारीक छिद्राचा अडसर बसवला, की चवडीचे भिरभिरणे तेलाला त्या छिद्रातून ढकलण्यात दमते. उपाय स्वस्त आणि परिणामकारक. पण छिद्र फार लहान केले तर पायाचा दाबही उशिरा पोहोचतो, आणि चाक घसरू नये म्हणून क्षणाक्षणाला दाब कमीजास्त करणारी यंत्रणा मागे पडते. आसाची जाडी वाढवावी तर वजन वाढते, आणि ते विमानाला आयुष्यभर वाहावे लागते. ही ओढाताण खरी आहे. तिचा अर्थ मात्र थरथर सोसावी असा होत नाही. छिद्र, आस, लायनर आणि खांब यांचा हिशेब पहिल्या आराखड्यातच एकत्र मांडावा, असा होतो. विमान उडू लागल्यावर शोधलेला उपाय नेहमीच महाग आणि अर्धवट पडतो.

सातारा-सांगलीत विमानाचे ब्रेक बनत नाहीत. पण किर्लोस्करवाडी १९१० पासून यंत्रे घडवते आहे, आणि पंपाच्या कामात कंपनाशी रोजच गाठ असते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, आणि कराडला तर धावपट्टीही हाताशी आहे. लहान विमानाच्या आसाजवळ कंपन मोजणारा सेन्सर लावायचा, पिना कोरड्या असताना आणि वंगण दिल्यावर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, नवशिक्याच्या पायाने आणि कसलेल्याच्या पायाने नोंदी घ्यायच्या. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही; रीतसर परवानगी आणि वर्षभराची चिकाटी लागते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी तो जरूर मनावर घ्यावा.