नखाचा दादरा

भाचीच्या लग्नाआधी मी हौसेनं एका पार्लरमध्ये जाऊन मॅनिक्युअर करून घेतलं. तिथल्या मुलीनं नखांच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कात्रीनं सफाईनं कापली. हात सुरेख दिसले. पण ऐन हळदीच्या दिवशी मधल्या बोटाला नखुरडं झालं! लिंबात बोट खुपसून बसले. गार वाटलं, पण ठणका काही थांबेना. शेवटी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला.

ती कातडी, म्हणजे क्युटिकल, शोभेची नाही हे मला तेव्हा कळलं. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, तसाच हा निसर्गानं बांधलेला दादरा. नख आणि बोट यांच्यामधली फट तो बंद ठेवतो. तो कापला की पाणी, साबण आणि जंतू यांना आत जायला वाट मोकळी! ज्यांचे हात दिवसभर धुण्याभांड्यात असतात त्यांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर हे फार सांभाळावं.

मग घरी मॅनिक्युअर करायचं कसं? आधी जुनं नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसून काढा. ते खरवडलं तर नखाचा वरचा पापुद्राही निघतो. नखं कोरडी असतानाच आकार द्या. ओलं नख मऊ पडतं आणि चिरतं. नेल फाइल करवतीसारखी मागेपुढे न ओढता कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेनं फिरवा. कोपरे फार खोल घेऊ नका. (तिन्हीसांजेला नखं कापू नयेत असं आजी सांगायची. कंदिलाच्या उजेडात ते शहाणपणाचंच होतं!) मग चार-पाच मिनिटं कोमट पाण्यात बोटं बुडवा, टिपून घ्या आणि मऊ झालेली कातडी टॉवेलच्या टोकानं हलकेच मागे सारा. तिला कात्री लावू नका. नखाखालचा मळ मऊ ब्रशनं काढा, पिन घालून टोकरू नका. शेवटी खोबरेल तेलाचा एकेक थेंब मुळाशी चोळा. नेलपॉलिश लावायचंच असेल तर आधी बेस कोट द्या, म्हणजे गडद रंगानं नखं पिवळी पडत नाहीत.

एरवी भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. सारखं भिजणं आणि सारखं वाळणं, यानंच नखांना पापुद्रे सुटतात. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे गणपतीत मुळाशी दुखावलेलं नख पूर्ण नवं व्हायला होळी उजाडते.

नखावर पांढरे ठिपके दिसले की कॅल्शियम कमी झालं, असं आपण सर्रास म्हणतो. बहुधा ते कधीतरी लागलेल्या लहानशा माराचे असतात. पण नख मध्ये दबून चमच्यासारखं खोलगट झालं, तर लोहाची कमतरता असू शकते. रक्त तपासून घ्या. एकाच नखावर काळपट उभी रेघ नव्यानं उमटली आणि रुंद होत चालली, तर नेलपॉलिशखाली झाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि हो, शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात भरती होणार असाल, तर नेलपॉलिश घरीच काढून जा. गडद रंगामुळे बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं.