‘बिचारी’चा हिशेब

वाशीम जिल्ह्यातले शिरपूर जैन हे माझे गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला इथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. माझे वडील लवकर वारले. आईने शिलाई मशीन घेतली आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, पोरांचे कपडे शिवून आम्हा भावंडांना वाढवले. तेव्हापासून एक शब्द माझ्या कानात बसला आहे : ‘बिचारी’.

‘बिचारी एकटी आहे, तिलेच द्या शिवायले,’ असे म्हणत बायका कापड घेऊन येत. त्यात खोटेपणा नव्हता. पण पैसे द्यायची वेळ आली, की हीच ‘बिचारी’ आडवी येई. ‘काम देल्लं ना तुले, मंग?’ काम हा उपकार ठरला, की मजुरी मागणे हा उद्धटपणा होतो. एकदा आई शांतपणे म्हणाली, ‘बाई, शिलाई द्या. दया राहू द्या तुमच्या घरी.’ त्या बाईने पैसे दिले. पण दुसऱ्या दिवशी गल्लीत आई ‘माजोरी’ झालेली होती!

‘बिचारा’ हा मूळचा फारसी ‘बेचारा’. ‘चारा’ म्हणजे उपाय. ज्याच्यापुढे उपाय उरला नाही, तो बेचारा. म्हणजे शब्द परिस्थितीबद्दल बोलतो. आपण मात्र तो माणसाला चिकटवतो. मराठीत असे शब्द कितीतरी आहेत. ‘दरिद्री’ म्हणजे गरीब, ‘करंटा’ म्हणजे दुर्दैवी. पण कुणाला तोंडावर ‘करंट्या’ म्हणून पाहा, भांडणच होईल! उलट आमच्या वऱ्हाडातला ‘बह्याड’ हा शब्द पाहा. अर्थ वेडगळ, मूर्ख. पण आजी नातवाच्या डोक्यावर हात फिरवत ‘बह्याड कुठला!’ म्हणते, तेव्हा त्यात मायाच असते. कोण, कुणाला, कोणत्या सुरात म्हणतो, यावर सारे अवलंबून.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. स्पॅनिशमध्ये ‘देसग्रासियादो’ म्हणजे दुर्दैवी माणूस. पण रागाने उच्चारला तर तीच जबर शिवी. ‘पोब्रेसितो’ म्हणजे ‘बिचारं गं माझं!’ पडलेल्या लेकराला म्हटले तर माया, मोठ्या माणसाला ओठ मुरडून म्हटले तर टोमणा. त्याच भाषेत ‘क्रेतिनो’ म्हणजे मूर्ख. हा शब्द फ्रेंचमधून आला. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनच्या अभावामुळे काही मुलांची वाढ आणि बुद्धी खुंटत असे. त्यांच्यासाठी तिथल्या बोलीत ‘ख्रिस्ती’ या अर्थाचा शब्द वापरला जाई. हीसुद्धा आपल्यासारखीच माणसे आहेत, असा त्यामागचा भाव, असे बहुतेक व्युत्पत्तिकोश सांगतात. करुणेने दिलेल्या नावाची पुढे शिवी झाली.

आपल्याकडे हा प्रश्न थेट विधिमंडळात गाजला. ‘हरिजन’, म्हणजे देवाची माणसे, हा शब्द गांधीजींनी रूढ केला. १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक काढले. हेतू चांगला होता. पण १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हे नाव कायद्यात घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध करून सभात्याग केला. ज्यांना नाव द्यायचे, त्यांनाच ते मान्य नव्हते. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, तेव्हाही अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या काही संघटनांनी हरकत घेतली. त्यांना दिव्यत्व नको होते. चढता येईल असा उतार, बसता येईल अशी बस आणि नोकरी हवी होती.

मग ‘बिचारा’ म्हणूच नये का? तसे नाही. कुणाच्या दुःखाने जीव कळवळला, तर तो शब्द आपोआप ओठांवर येतो, आणि यावाही. फक्त म्हणताना दोन गोष्टी मनाशी तपासाव्यात. हा शब्द मी त्या माणसाच्या समोर, त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणू शकेन का? आणि त्याचे काही देणे माझ्याकडे थकले आहे का? थकले असेल, तर आधी ते चुकते करावे.

माझ्या आईला तरी त्या दिवशी दुसरे काही नको होते. दोन ब्लाऊजची शिलाई, तेवढीच.